सारखं परदेशी जाणाऱ्यांसाठी: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन आणि ग्लोबल एन्ट्री घ्यावं का?

घाईतली_ऑडिटर

नमस्कार मंडळी,

पुरवठादारांच्या कारखान्यांचं ऑडिट करणं हे माझं काम, त्यामुळे बॅग कायम अर्धी भरलेलीच असते. जास्त करून अमेरिका, अधूनमधून जर्मनी, आणि वाटेत दुबई नाहीतर अबू धाबी. विमानातला वेळ कसाही जातो. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग दिसली की मात्र अंगातलं त्राणच जातं. मुंबईत मध्यरात्रीनंतर मोठी विमानं पाठोपाठ उतरतात आणि पट्ट्यांमधल्या त्या वळणावळणाच्या रांगेत तोच माणूस पुन्हा पुन्हा समोरून जातो. शेवटी शेवटी आपण एकमेकांना ओळखल्यासारखं हसायला लागतो.

परवा शेजारच्या ई-गेटमधून एक बाई काउंटरवर न थांबता सरळ निघून गेल्या. चौकशी केली तर म्हणे ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ची नोंदणी आहे. माझ्या फोनमध्ये डिजियात्रा आहे, ते आणि हे एकच का? नसेल तर नोंदणी कुठे, खर्च किती, आणि खरंच वेळ वाचतो का?

दुसरं म्हणजे अमेरिकेचं ग्लोबल एन्ट्री, तिथे उतरल्यावर इमिग्रेशनमधून झटपट सोडणारी योजना. पासपोर्ट भारतीय, व्हिसा बी-१/बी-२, म्हणजे कामाच्या भेटी आणि पर्यटनाचा. आपल्याला मिळतं का? ऑफिस पैसे देईल असं वाटतं, पण मुलाखतीसाठी मुद्दाम कुठे जावं लागणार असेल तर अवघड आहे.

आणखी दोन अडचणी. माझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय. आणि सुट्टीत जातो तेव्हा नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर असतो, तेव्हा याचा उपयोग किती?

स्वतः वापरलेल्यांनी लिहावं ही विनंती. जाहिरातीतलं वाचून झालंय.

---

स्पॅनर

ताई, मी मशिनं बसवून चालू करून देणारा माणूस. मशीन बोटीने जातं, मी विमानाने. ते पोचलं की मी पोचायचं, चालू झालं की परत. तेव्हा या रांगा माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

आधी डिजियात्रा बाजूला काढू, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. डिजियात्रा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या पुढाकाराची, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली. तुमचा चेहरा हाच बोर्डिंग पास, टर्मिनलच्या दारापासून सिक्युरिटीपर्यंत, आणि आजघडीला देशांतर्गत प्रवासासाठी. इमिग्रेशनशी तिचा काही संबंध नाही. तुम्ही पाहिलंत ते ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’. हे गृह मंत्रालयाचं, राबवतं ब्युरो ऑफ इमिग्रेशन. एकात नाव घातलं म्हणून दुसऱ्यात आपोआप जात नाही.

दिल्लीच्या टर्मिनल ३ वर २२ जून २०२४ ला हे सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद आले. त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाले (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) अर्ज करू शकतात. फी नाही. एक पैसाही नाही. म्हणून जो कोणी ‘करून देतो, एवढे द्या’ म्हणेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर. पासपोर्टची पानं, फोटो, पत्त्याचा पुरावा चढवायचा. पडताळणी होऊन मंजुरी आली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायला विमानतळावर किंवा एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी खातं) कार्यालयात जायचं. मी म्हणेन विमानतळावरच द्या, जाण्याच्या दिवशी थोडं लवकर निघून.

आता माझ्यासारख्यांसाठी खास. आयुष्यभर ग्रीस, डिझेल आणि एमरी पेपर यांच्याशी संबंध आल्यामुळे माझ्या बोटांवर रेषा नावापुरत्याच उरल्यात. ठसे द्यायला बसलो तर यंत्र दर वेळी लाल. समोरचा कर्मचारी समजूतदार होता. त्याने बोटं पुसायला सांगितली, मग काच पुसली, मग म्हणाला जरा जोर देऊन, बोट नखाच्या बाजूपर्यंत सपाट टेकवा. अंगठ्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. शेवटी झालं. ज्यांचे हात कामाचे आहेत, भांडी-धुण्याचे, बागेचे, वर्कशॉपचे, त्यांनी आधीचे काही दिवस रात्री हाताला साधं क्रीम चोळावं आणि त्या दिवशी हात कोरडे करून जावं. कोरडी, भेगाळलेली बोटं यंत्राला वाचता येत नाहीत, आणि ओली तर त्याहून नाहीत.

गेटवरचा कारभार सोपा आहे. बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा, पहिलं दार उघडतं, आत कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, ओळख पटली की दुसरं दार उघडतं. ते दार उघडलं म्हणजेच इमिग्रेशन झालं. वेगळं कोणी काही विचारत नाही. टोपी, कपाळावर चढवलेला गॉगल, गळ्याची उशी हे आधीच काढून हातात घ्या. पासपोर्टवर कव्हर असेल तर तेही. लोक आत गेल्यावर कव्हरशी झटापट करत बसतात आणि मागे दुसरी रांग तयार होते.

वेळ वाचतो का? इथे माझं मत जरा वेगळं आहे. इमिग्रेशनपुरता वाचतो, भरपूर वाचतो. पण विमानतळावर एक रांग नसते. जाताना विमान कंपनीचा काउंटर आणि सिक्युरिटी तुम्हाला सगळ्यांसारखीच आहे. येताना बॅग पट्ट्यावर यायची तेव्हाच येणार, आणि कस्टमच्या एक्स-रेमधून सामान जायचं तसंच जाणार. माझ्याबरोबर टूल बॉक्स असतो, कधी कधी मोजमापाची महागडी उपकरणं कार्नेटवर (सामान तात्पुरतं, ड्युटी न भरता नेण्याचा कागद) असतात. मग मी इमिग्रेशनमधून वाऱ्यासारखा सुटतो आणि पुढे पट्ट्यापाशी खांबाला टेकून उभा. त्यानंतर कस्टमच्या टेबलावर कागदांवर शिक्के घ्यायचे ते वेगळंच. रांगेतून माझ्या मागून आलेले लोक तेवढ्यात बॅगा उचलून निघूनही जातात.

तेव्हा तुमचा हिशोब बॅगेवर आहे. ऑडिटला लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन जात असाल, केबिन बॅगेवर भागत असेल, तर डोळे झाकून करा. मोठी बॅग टाकत असाल तरी करा, फुकट आहे. फक्त घरी लवकर पोचण्याचं वचन देऊ नका.

पासपोर्टचं मात्र नीट ऐका. नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. अर्ज करताना पासपोर्ट निदान सहा महिने वैध हवा. तुमचा पुढच्या वर्षी संपतोय, म्हणजे आज नोंदणी केलीत तर ती पुढच्या वर्षी गेलीच. आधी पासपोर्ट नवा करून घ्या, मग अर्ज. दोनदा ठसे देण्यात मजा नाही, माझ्यासारख्याला तर अजिबात नाही.

आणि मुलगा नऊचा आहे ना? बारा वर्षांखाली नोंदणी नाही. त्याला साध्या रांगेतून जायचंय म्हणजे कोणीतरी एक जण बरोबर हवं. तुम्ही पुढे जाऊन बॅगा उचला, साहेबांना मुलाबरोबर उभं करा.

ग्लोबल एन्ट्री मी घेतलेलं नाही. माझी मशिनं आफ्रिका आणि आखातात जातात. त्यावर दुसरं कोणीतरी लिहील.

---

रोज_नवा_गेट

स्पॅनरदादांशी सहमत. एक भर: कॅमेऱ्यापुढे फोनकडे बघत उभे राहू नका. माझ्या पुढच्या गृहस्थांचं लक्ष व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, यंत्राला दिसतंय टक्कल. दार उघडेना. मग आतूनच ‘अहो, बंद पडलंय वाटतं’ म्हणून हाका.

आखातात राहण्याचा परवाना असणाऱ्यांना दुबईची स्मार्ट गेट्स ठाऊक असतीलच. सिंगापूरने तर परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित लेन उघडून दिलीय, आधी नोंदणी नको. फक्त पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, नाहीतर गेट तुम्हाला ओळखणार नाही. मला विचाराल तर खरी सोय ही. ‘विश्वासू प्रवासी’ म्हणून वेगळी जात काढण्यापेक्षा सगळ्यांनाच पटकन सोडा की.

---

एच१बी_अजूनही

ग्लोबल एन्ट्रीचं मी सांगतो, माझं एक नूतनीकरणही झालंय.

भारतीय नागरिकांना २०१७ पासून मिळतं. व्हिसा कुठला आहे याने फरक पडत नाही, पण व्हिसा लागतोच. काही जणांना वाटतं ग्लोबल एन्ट्री म्हणजे व्हिसाला पर्याय. अजिबात नाही. फी १२० डॉलर, १ ऑक्टोबर २०२४ पासून. त्याआधी १०० होती. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत नाहीत. मुदत पाच वर्षं.

अर्ज अमेरिकन कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर पोर्टलवर. भारतीय नागरिकांसाठी एक जादा पायरी आहे: आपल्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर ग्लोबल एन्ट्रीसाठी पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज करायचा, त्यात पोलीस पडताळणी आली. ज्यांनी पासपोर्टसाठी हवालदारसाहेबांची वाट बघत दिवस काढलेत त्यांना नव्याने काही सांगायला नको. पत्ता पासपोर्टवर एक आणि राहता दुसरीकडे असं असेल तर आधी ते निस्तरा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, अमेरिकेकडे नाही.

प्राथमिक मंजुरी आली की मुलाखत. भारतात केंद्र नाही, पण त्यासाठी मुद्दाम तिकीट काढायची गरज नाही. ‘एनरोलमेंट ऑन अरायव्हल’ म्हणून सोय आहे. प्राथमिक मंजुरी हातात असताना तुम्ही अमेरिकेत उतरलात की त्याच विमानतळावर, वेळ न ठरवता, मुलाखत उरकता येते. सगळ्या विमानतळांवर नाही, मोठ्यांवर आहे. उतरल्यावर पाट्या बघत जा किंवा गणवेशातल्या कोणालाही विचारा. मला विचारलेले प्रश्न साधे होते. काम काय करता, कुठे कुठे जाऊन आलात, कस्टमच्या भानगडीत कधी सापडलात का. मग फोटो, ठसे, संपलं. त्यापेक्षा जास्त वेळ आदल्या रात्री मी घाबरण्यात घालवला होता.

तुम्ही अबू धाबीवरून जाता म्हणालात. तिथे अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे, म्हणजे अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच होते आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारख्या बाहेर पडता. अशा वाटेने सारखं जाणार असाल तर आधी बघा तुमचा वेळ नेमका कुठे जातो. दुबईवरून जाणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांना अमेरिकेत उतरूनच रांग लावायची.

उतरल्यावर यंत्रापुढे उभं राहायचं, फोटो निघतो, नाव आलं की अधिकाऱ्याकडे, तो पासपोर्ट बघतो, एखादा प्रश्न विचारतो, जा. विमानतळावर कार्ड दाखवावं लागत नाही. ते कार्ड जमिनीवरच्या सीमेसाठी, म्हणजे कॅनडा किंवा मेक्सिकोकडून गाडीने येताना.

आता माझी खास काळजी, व्हिसावर राहणाऱ्यांनी हे वाचाच. ग्लोबल एन्ट्रीत अधिकाऱ्याशी बोलणं इतकं थोडक्यात होतं की आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवर, त्याने कुठली तारीख टाकली हे आपल्याला कळतच नाही. पासपोर्ट व्हिसाच्या मंजुरीची मुदत संपण्याआधीच संपत असेल तर आय-९४ बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात. आपण समजतो मुक्कामाची परवानगी दोन वर्षं आहे, आणि असते नऊ महिने. मी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहूनच फोनवर आय-९४ उघडतो आणि तारीख बघतो. चूक असेल तर त्या विमानतळावरून बाहेर पडायच्या आत सांगणं सोपं. ताई, तुमचा पासपोर्ट संपत आलाय म्हणून हे मुद्दाम.

सदस्यत्व जाण्याची सगळ्यात सोपी वाट कस्टममधून जाते. २०१८ मध्ये पॅरिसहून आलेल्या एका बाईंच्या बॅगेत विमानातच खायला मिळालेलं सफरचंद सापडलं. जाहीर केलेलं नव्हतं. ५०० डॉलर दंड झाला आणि ग्लोबल एन्ट्री जायची वेळ आली. साध्या प्रवाशाला हेच प्रकरण दंडावर भागतं. आपल्याला मात्र ‘विश्वासू’ ठरवलेलं असतं ना, तिथे माफी कमी. फळ, बियाणं, मांसाचा कुठलाही पदार्थ, १०,००० डॉलरच्या वर रोख: असेल तर सांगून टाका. १०,००० च्या वर नेणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. मी तर हल्ली विमानातलं फळ विमानातच संपवतो नाहीतर सोडून देतो.

मुलांचं: आई किंवा वडील सदस्य असतील किंवा बरोबरच अर्ज करत असतील तर १८ वर्षांखाली फी नाही. पण प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. ‘माझ्याबरोबर आहेत’ चालत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांनी १२० डॉलर टाकण्याआधी मोबाइल पासपोर्ट कंट्रोल हे त्याच खात्याचं फुकट अ‍ॅप वापरून बघा. आपल्या बी-१ किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावाल्यांना ते चालत नाही.

---

शंकासुर

सगळे आनंदाने चेहरे आणि बोटं देऊन मोकळे झालेले दिसतात. फुकट देतायत म्हणजे काय घेतायत याचा कोणी विचार केलाय का? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला खरा, पण त्यातच सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे.

आणि ही सवलत आहे, हक्क नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन सरकारचं न्यूयॉर्क राज्याशी वाहन परवान्यांच्या माहितीवरून वाजलं आणि त्या राज्यातल्या रहिवाशांना ग्लोबल एन्ट्रीचे अर्ज आणि नूतनीकरण बंद. जुलैमध्ये पुन्हा उघडलं. त्या लोकांनी काय गुन्हा केला होता?

---

स्पॅनर

शंकासुर, न्यूयॉर्कचं पटलं. सवलत देणारा हात कधीही आखडता येतो, म्हणून कनेक्टिंग विमान ठरवताना मी ई-गेट धरून वेळ काढत नाही. साधी रांग धरूनच काढतो. गेट बंद असतं, नोंदणी सापडत नाही, काहीही होतं.

चेहऱ्याचं म्हणाल तर अमेरिकेचा व्हिसा काढताना दहाही बोटं दिलीत, शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) दिलीत, आधारला दिलीत. सीमेवर कॅमेरा साध्या काउंटरवरही असतोच. सरकारकडे माझा चेहरा नाही असं समजून मी या वयात ई-गेट टाळणार असेन तर हसंच होईल. ज्यांना तत्त्व म्हणून द्यायचं नाही त्यांनी देऊ नये, सक्ती कोणी केलेली नाही. मला फक्त एवढं वाटतं की नोंदणी रद्द केली तर घेतलेले ठसे किती दिवसांत पुसणार हे अर्जाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावं. तिथे तुमच्या बाजूने सही करतो.

---

घाईतली_ऑडिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. पासपोर्ट आधी, हे लख्ख कळलं.

दोन शंका उरल्या. ई-गेटने गेलं की पासपोर्टवर शिक्का बसत नाही ना? आमच्या ऑफिसात प्रवासभत्त्यासाठी शिक्क्याची झेरॉक्स मागतात. आणि जर्मनीला असं काही आहे का?

---

स्पॅनर

शिक्का बसत नाही, आणि हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. तुमचा भत्त्याचा प्रश्न बोर्डिंग पासवर सुटेल, अकाउंट्सवाल्यांना एकदा समजावून सांगावं लागेल एवढंच. पण जे वर्षाचा बराच काळ बाहेर असतात, अनिवासी म्हणून आयकर भरतात, त्यांचा सगळा खेळ भारतात राहिलेल्या दिवसांवर असतो. १८२ दिवसांच्या आसपास असाल तर एकेक दिवस मोजला जातो. आतापर्यंत चौकशी आली की पासपोर्टची पानं पुढे करायची सवय होती. माझ्या सीएने स्वच्छ सांगितलंय: बोर्डिंग पासचा फोटो काढ, तिकिटाचा ईमेल ठेव, आणि तारखांची एक वही लिही. थर्मल कागदावरचा बोर्डिंग पास फायलीत ठेवला तर अक्षरं उडतात, म्हणून फोटो त्याच दिवशी. मी विमानात बसल्या बसल्या काढतो.

शेंगेनमध्ये आपल्यासाठी वेगळी जलद योजना नाही. उलट १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे एन्ट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्याने आली, तीत शिक्का जाऊन नोंद थेट संगणकात जाते. आपण व्हिसावाले असल्यामुळे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेलेच असतात. पहिल्यांदा तेवढा चेहऱ्याचा फोटो घेतात. ती नोंद तीन वर्षं राहते. ‘१८० दिवसांत ९०’ हा हिशोब आता अधिकारी पानं उलटून करत नाही, संगणक करतो, तेव्हा एखादा दिवस जास्त राहून ‘त्याला दिसणार नाही’ म्हणणाऱ्यांचे दिवस संपले.

एक ऐकीव योजना म्हणजे अपेकचं, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या आर्थिक गटाचं, बिझनेस ट्रॅव्हल कार्ड. विमानतळांवर त्याच्या वेगळ्या लेनची पाटी बघून आपले लोक तिकडे वळतात. भारत अपेकचा सदस्य नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर ते मिळत नाही. पाटी बघायची आणि पुढे जायचं.

---

एकच_नाव

माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे. नाव आणि वडिलांचं नाव सगळं एकाच रकान्यात. अमेरिकेच्या व्हिसावर त्यामुळे ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापून आलंय. ग्लोबल एन्ट्रीत अडेल का?

---

एच१बी_अजूनही

सदस्यत्व मिळायला अडत नाही, वापरायला अडतं. अर्ज भरताना पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही समोर ठेवून नाव जसं आहे तसंच भरा, आपल्या मनाने वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकू नका. जमलं तर आधी पासपोर्टवरच आडनाव लावून घ्या, पुढची बरीच कटकट वाचेल.

खरी अडचण तिकिटावर येते. ग्लोबल एन्ट्रीबरोबर टीएसए प्रीचेकही मिळतं, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळावरून निघताना सिक्युरिटीची वेगळी लेन, बूट-लॅपटॉप काढायची भानगड नाही. त्यासाठी तुमचा ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’, म्हणजे सदस्यत्वाचा क्रमांक, बुकिंगमध्ये घालावा लागतो आणि बुकिंगवरचं नाव सदस्यत्वावरच्या नावाशी जुळावं लागतं. आपल्याकडे ट्रॅव्हल एजंट नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकत्र चिकटवून एक लांबलचक शब्द करतात, मग जुळत नाही आणि प्रीचेक लागत नाही. विमान कंपनीही त्या योजनेत असावी लागते. बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण छापलेली नसेल तर विमान कंपनीच्या काउंटरवरच नंबर दाखवून पास पुन्हा छापून घ्या. सिक्युरिटीच्या तोंडाशी जाऊन फोनवर सदस्यत्व दाखवलंत तर तो माणूस हसून साध्या रांगेकडे बोट दाखवतो.